पाटीच्या परवान्यापासून खाऱ्या सरोवरापर्यंत

पडद्यावरून वा रंगमंचावरून राजकारणात उतरलेल्या मंडळींचे आपल्या देशात आता कोणाला नवल वाटत नाही. एम. जी. रामचंद्रन १९७७ मध्ये तामिळनाडूचे आणि एन. टी. रामाराव १९८३ मध्ये आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. त्याहीपूर्वी, १९६७ मध्ये, भूपेन हजारिका अपक्ष म्हणून आसामच्या विधानसभेत निवडून गेले होते. आमच्या मराठी मुलखात तर शाहिराची डफ आणि राजकारणाची सभा यांची ताटातूट अशी कधी झालीच नाही. परंतु ही सारी मंडळी गेली ती थेट मोठ्या दिंडीदरवाजाने. गटारे, दिवाबत्ती, फेरीवाले, दुकानांच्या पाट्या हा ज्या घराचा संसार, त्या नगरपालिकेच्या पायरीवर नामवंत कलावंताने आपण होऊन पाऊल ठेवल्याची उदाहरणे फार थोडी सापडतात. म्हणूनच अमेरिकेतील सनी बोनो या माजी पॉप गायकाची हकीकत आम्हांस विचार करण्याजोगी वाटली. तिची सुरुवात एका उपाहारगृहाच्या पाटीपासून होते आणि तिचा शेवट, शेवट झाला आहे असे म्हणता आले तर, एका खाऱ्या सरोवराच्या काठी.

साल्व्हातोरे फिलिप बोनो यांचा जन्म १६ फेब्रुवारी १९३५ रोजी डेट्रॉइट येथे, इटलीहून आलेल्या कुटुंबात झाला. लहानपणीच ते आईवडिलांसह कॅलिफोर्नियात आले. शालेय शिक्षण अर्धवट सुटले. ट्रक हाकणे, मांसाच्या दुकानाचा माल पोचविणे अशी मिळतील ती कामे करीत त्यांनी गाणी रचण्याचा नाद जोपासला. लॉस एंजेलिसच्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांत त्यांनी पडेल ते काम केले आणि फिल स्पेक्टर या विख्यात निर्मात्याच्या हाताखाली ते या धंद्याच्या खाचाखोचा शिकले. १९६२ मध्ये त्यांची शेर या सोळा वर्षांच्या मुलीशी गाठ पडली. पुढे ‘सनी अँड शेर’ ही जोडी जगभर गाजली. १९६५ मधील ‘आय गॉट यू बेब’ हे त्यांचे गाणे अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. १९७१ ते १९७४ या काळात दूरचित्रवाणीवरील त्यांचा कार्यक्रम घराघरांत पाहिला जाई. त्या कार्यक्रमात शेर टोमणे मारणार आणि सनी ते निमूटपणे खाणार, असा ठरलेला साचा होता. आपला आवाज बेताचा आहे हे या गृहस्थांना पक्के ठाऊक होते. गाणे बांधणे, माणसे जमविणे आणि लोकांना काय हवे ते हेरणे ही त्यांची खरी पुंजी. १९७५ मध्ये घटस्फोट झाला, जोडी फुटली आणि शेर यांचा तारा चढत असता सनी यांचा मावळत गेला. तेव्हा त्यांनी उपाहारगृहे काढली; प्रथम हॉलिवुडच्या परिसरात आणि नंतर पाम स्प्रिंग्ज या वाळवंटी शहरात.

तेथे पाटीचे प्रकरण उद्भवले. आपल्या उपाहारगृहाची पाटी त्यांना मोठी हवी होती, जागेत फेरफार करायचे होते आणि त्यासाठी नगरपालिकेच्या कचेरीत खेटे घालावे लागत होते. परवाना मिळविताना ते इतके त्रासले, की या कचेरीचा मुख्यच आपण व्हावे असे त्यांनी ठरविले. या घटनेतील खरी गंमत अशी, की १९८७ पूर्वी, म्हणजे वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत, त्यांनी मतदार म्हणून आपले नावदेखील नोंदविले नव्हते. असे पाऊल उचलणारे ते पहिलेच नव्हेत. दोनच वर्षांपूर्वी, १९८६ मध्ये, क्लिंट ईस्टवुड हे नट कार्मेल या समुद्रकाठच्या गावाचे महापौर झाले होते, आणि त्यांच्याही मनात ठिणगी पडली ती स्वतःच्या इमारतीचा नकाशा नगरपालिकेत अडल्यामुळेच.

आमच्या नोकरीतील काही वर्षे नगरपालिकांची दप्तरे तपासण्यात गेली. त्यामुळे या कथेकडे आम्ही खिडकीच्या आतल्या बाजूने पाहतो, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. अर्जदाराला एकच पाटी दिसते, ती म्हणजे त्याची स्वतःची. आत बसलेल्या कारकुनापुढे रस्त्यावरील सगळ्या पाट्या असतात. एकाला चार फूट वाढवून दिले की शेजारी सहा फूट मागतो आणि वर्षभरात रस्ता पाट्यांनी झाकून जातो. नियम केला जातो तो यासाठी. मात्र नियमाचे कारण अर्जदाराला समजावून सांगण्याची तसदी कोणी घेत नाही, आणि ‘पुढील आठवड्यात या’ या एका वाक्यावर भल्याभल्यांचे लोकशाहीवरील प्रेम आटते, हेही आम्ही पाहिलेले आहे. बोनो यांचा संताप खोटा नव्हता. तो कोणत्या दिशेने जातो हाच प्रश्न होता.

आता हे शहर कसे होते ते पाहू. लॉस एंजेलिसच्या पूर्वेस, उंच डोंगराच्या पायथ्याशी, गरम पाण्याच्या झऱ्याभोवती वसलेले पाम स्प्रिंग्ज १९३८ मध्ये रीतसर नगर झाले. हॉलिवुडच्या ताऱ्यांचे हिवाळी विश्रामस्थान म्हणून त्याचे नाव झाले. येथील जमिनीचा नकाशा मात्र महसूल खात्यातील कोणाही माणसाला कोड्यात टाकील असा आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांचे एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीला देण्यात आले. मधल्या तुकड्यांपैकी काही १८७६ मध्ये अध्यक्ष ग्रँट यांच्या हुकुमाने आग्वा कालिएंते या आदिवासी जमातीसाठी राखून ठेवले गेले आणि पुढे त्यांत भर पडली. परिणामी सारे शहर बुद्धिबळाच्या पटासारखे झाले: एक घर पालिकेच्या कायद्याखाली, तर शेजारचे जमातीच्या मालकीचे. या पटाला एक काळी बाजूही आहे. शहराच्या मध्यावरील ‘सेक्शन १४’ या तुकड्यावर राहणाऱ्या कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या गरीब कुटुंबांना १९५० व १९६० च्या दशकांत तेथून हाकलण्यात आले, त्यांची घरे पाडून जाळण्यात आली. पालिकेने त्याबद्दल क्षमा मागितली ती २०२१ मध्ये, आणि भरपाईचा समझोता मंजूर केला तो २०२४ मध्ये. नगरपालिकांच्या इतिहासात एखादा कागद किती काळ पडून राहू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

बोनो १९८८ मध्ये महापौर झाले तेव्हा शहराला उतरती कळा लागलेली होती. दुकाने आणि धनिक पाहुणे खोऱ्यातील पाम डेझर्टसारख्या नव्या वसाहतींकडे सरकत होते. पण सत्तेच्या खुर्चीत बसल्यावर त्यांना पहिला धडा मिळाला तो असा, की त्या खुर्चीत सत्ता फारशी नव्हतीच. पाम स्प्रिंग्जची रचना सिटी मॅनेजर पद्धतीची. पाच जणांच्या नगरसभेत महापौराचे मत एकच; कर्मचारी, अंदाजपत्रक, परवाने हा सारा कारभार नेमलेल्या सिटी मॅनेजरच्या हाती. आपल्याकडील नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी यांच्यातील ओढाताण ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना अधिक सांगणे नलगे. कचेरी उलथून टाकण्यासाठी निवडून आलेल्या माणसाला त्याच कचेरीकडून काम करून घ्यावे लागणार होते.

त्यांनी ते केले, आणि आपल्याजवळ जे होते त्याच्या बळावर केले. त्यांच्याजवळ अनुभव नव्हता. ओळख मात्र साऱ्या देशात होती. त्यांच्या पुढाकाराने जानेवारी १९९० मध्ये पाम स्प्रिंग्जचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. १९९१ मध्ये मुख्य रस्त्यावर दर गुरुवारी सायंकाळी वाहने बंद करून पायी फिरणाऱ्यांचा बाजार भरू लागला. हे दोन्ही उपक्रम आजही चालू आहेत. नगरपालिकेच्या कामाचे मोजमाप करताना आम्ही नेहमी एकच कसोटी लावीत असू: ते काम करणारा गेल्यावर काम राहिले काय? या कसोटीला सनी बोनो उतरतात, हे मान्य केले पाहिजे.

त्यांची दुसरी गाजलेली कामगिरी अधिक गुंतागुंतीची आहे. वसंत ऋतूच्या सुटीत हजारो महाविद्यालयीन तरुण पाम स्प्रिंग्जमध्ये येत, मोटारी घेऊन रस्त्यावर रात्रभर हुंदडत. १९८६ मध्ये त्याला दंगलीचे स्वरूप आले. स्त्रियांची विटंबना झाली, मोठ्या संख्येने अटका झाल्या. बोनो यांच्या कारकिर्दीत त्यावर कडक उपाय योजले गेले. मुख्य रस्त्यावरील मोटारींच्या फेऱ्यांना आळा घातला गेला, तोकड्या पोहण्याच्या पोशाखात रस्त्यावर फिरण्यास मनाई झाली. तरुणांचे लोंढे थांबले. आता हेच गृहस्थ १९६५ मध्ये कोण होते? लांब केस, केसाळ कातड्याचे जाकीट असा वेष करून ते हॉलिवुडमधील एका उपाहारगृहात गेले असता तेथे त्यांना प्रवेश नाकारण्यात आला होता, आणि त्या अपमानातून त्यांनी ‘लाफ ॲट मी’ हे गाणे लिहिले होते. पोशाखावरून हाकलला गेलेला तरुण पंचवीस वर्षांनी उपाहारगृहाचा मालक व शहराचा महापौर होऊन तरुणांच्या पोशाखावर बंदी घालतो! टीकाकारांनी यात दांभिकता पाहिली. आमचे मत थोडे निराळे आहे. दंगल ही दंगल असते आणि रस्त्यावरच्या बाईच्या अंगावर हात पडत असेल तर महापौराने गाणी आठवत बसू नये. पण पोशाखाचा नियम हा त्यावरचा उपाय नव्हे. तो सुचतो, कारण तो सोपा असतो आणि वर्तमानपत्रांत छापून येतो. शहराच्या धंद्यालाही त्याची झळ लागली, कारण ते पोरगे पैसे खर्च करीत असत.

येथे दुसऱ्या एका गायकाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अन्याय्य ठरेल. शिकागोचे जेरी बटलर हे ‘द इम्प्रेशन्स’ या समूहाचे मूळ गायक. त्यांचे ‘फॉर युवर प्रेशस लव्ह’ हे गाणे १९५८ मध्ये गाजले आणि पुढेही त्यांचे नाव दीर्घकाळ अग्रभागी राहिले. १९८० च्या दशकाच्या मध्यास ते कुक काउंटीच्या मंडळावर, म्हणजे ढोबळ मानाने आपल्या जिल्हा परिषदेवर, निवडून आले आणि २०१८ पर्यंत, तीन दशकांहून अधिक काळ, तेथे टिकले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. सार्वजनिक रुग्णालये, तुरुंग, न्यायालयांचा खर्च, मालमत्ता कर हे त्या मंडळाचे विषय. त्यांत छायाचित्र काढण्याजोगे काही नसते. बटलर शनिवार-रविवारी गात आणि आठवडाभर बैठकांना बसत. शिकागोबाहेर त्यांचे हे काम कोणास फारसे ठाऊक नाही; बोनो यांची पाटी मात्र जगाला ठाऊक आहे. डेट्रॉइटमध्ये मार्था रीव्हज या गायिका २००५ मध्ये नगरसभेवर निवडून आल्या आणि २००९ मध्ये मतदारांनी त्यांना परत पाठविले. लोकप्रियता पहिल्या निवडणुकीला पुरते. दुसरीला पुरेलच असे नाही.

बोनो यांना मात्र एका जागी बसणे मानवणारे नव्हते. १९९२ मध्ये त्यांनी सिनेटसाठी पक्षांतर्गत निवडणूक लढविली आणि हरले. १९९४ मध्ये रिपब्लिकन पक्षाची लाट आली तेव्हा ते प्रतिनिधिगृहात पोचले. तेथील न्यायविषयक समितीत वकील सदस्यांच्या लांबलचक, क्लिष्ट भाषेवर त्यांनी उघड नाराजी दर्शविली, तेव्हा त्यांचे हसे झाले. सर्वसामान्यांना मात्र ते पटले. आपण आयुष्यभर टोमणे खाऊन पैसे मिळविले आहेत, हे ज्याला ठाऊक असते त्याला हसण्याचे भय उरत नाही.

पण त्यांच्या राजकीय आयुष्यातील खरा गंभीर विषय वॉशिंग्टनमध्ये नव्हता. तो पाम स्प्रिंग्जच्या आग्नेयेस, समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सत्तर मीटर खाली पसरलेला होता. सॉल्टन सी असे त्याचे नाव. नाव समुद्राचे असले तरी आहे ते सरोवर, आणि तेही अपघाताने झालेले. इम्पीरियल खोऱ्यातील शेतीसाठी कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने आणले होते. कालवा गाळाने भरला म्हणून नदीला नवी वाट काढून देण्यात आली. १९०५ मध्ये नदी त्या वाटेने फुटली आणि तिचा ओघ खोलगट वाळवंटात शिरला. जवळजवळ दोन वर्षे तो थांबेना. अखेर सदर्न पॅसिफिक कंपनीने गाड्याच्या गाड्या दगड ओतून १९०७ मध्ये ते भगदाड बुजविले. मागे राहिले ते कॅलिफोर्नियातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठे सरोवर. शेतांतून निथळणाऱ्या पाण्यावर ते जगत राहिले. १९५० व १९६० च्या दशकांत त्याच्या काठी नौकाविहाराची केंद्रे फुलली, मासे मुबलक झाले, लक्षावधी स्थलांतरित पक्षी उतरू लागले.

या सरोवराला बाहेर जाण्यास वाट नाही. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी बुलढाणा जिल्ह्यातील लोणार पाहिले आहे त्यांना हे चटकन उमजेल: पाणी आत येते, सूर्य ते उडवून नेतो, क्षार मागे राहतात. सॉल्टन सीचे पाणी पाहता पाहता समुद्राहून खारट झाले. त्यात शेतांतील खतांचा अंश मिसळलेला. १९९२ मध्ये सुमारे दीड लाख ‘ईअर्ड ग्रीब’ पाणपक्षी तेथे मेले. १९९६ मध्ये रोगट मासे खाऊन हजारो पक्षी दगावले. त्यांत दुर्मीळ तपकिरी झोळीवाले, म्हणजे पेलिकन, हजाराहून अधिक होते.

पूर्वीच्या पुढाऱ्यांना हा प्रश्न ठाऊक नव्हता असे नाही. स्थानिक संस्थांनी मिळून १९९३ मध्येच एक प्राधिकरण स्थापिले होते. अहवाल लिहिले जात होते आणि कपाटात जात होते. बोनो यांनी केले ते एवढेच, की मेलेल्या पक्ष्यांकडे देशाचे लक्ष वळविले. १९९७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींना त्यांनी एका कृतिगटात आणले. महोत्सव भरविणारा आणि बाजार बसविणारा हाच माणूस होता. मंच बदलला, कसब तेच राहिले. ज्या प्रश्नाला लक्ष मिळत नसल्यामुळे तो अडलेला असतो तेथे प्रसिद्ध माणूस खरोखर उपयोगी पडतो, आणि सॉल्टन सी १९९७ मध्ये नेमके त्या अवस्थेत होते.

५ जानेवारी १९९८ रोजी टाहो सरोवराजवळील हेव्हनली येथे बर्फावर घसरण्याचा खेळ खेळत असता झाडावर आदळून बोनो यांचा मृत्यू झाला. एप्रिलमधील पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी मेरी बोनो निवडून आल्या आणि २०१३ च्या आरंभापर्यंत प्रतिनिधिगृहात राहिल्या. मृत्यूनंतरच्या वर्षभरात त्यांच्या स्मरणार्थ दोन कायदे झाले, आणि दोहोंचे नशीब अगदी निरनिराळे निघाले.

पहिला, ग्रंथस्वामित्वाच्या मुदतवाढीचा, ऑक्टोबर १९९८ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने अमलात आला. त्याने ती मुदत वीस वर्षांनी वाढविली. स्वामित्व कायमचेच असावे अशी सनी यांची इच्छा होती, असे मेरी बोनो यांनी सभागृहात सांगितले होते. त्यामागे चित्रपट व संगीत कंपन्यांचे मोठे बळ होते. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सात विरुद्ध दोन मतांनी वैध ठरविला आणि १९२३ मधील पुस्तके सर्वांसाठी खुली होण्यास १ जानेवारी २०१९ उजाडावा लागला. आपल्याकडे १९९२ मध्ये रवींद्रनाथांच्या ग्रंथांचे स्वामित्व संपल्याच्या सुमारास मुदत पन्नासाची साठ वर्षे करण्यात आली, आणि साने गुरुजींची पुस्तके कोणासही छापता येऊ लागली ती २०११ पासून. वाङ्मयप्रेमी मंडळींनी या विषयावर स्वतंत्रपणे चर्चा करावी अशी आमची सूचना आहे. येथे मुद्दा इतकाच, की जेथे बलाढ्य हितसंबंध आधीच एका बाजूस उभे होते तेथे बोनो यांचे नाव त्यावर बेमालूम चिकटले आणि काम झाले.

दुसरा कायदा सॉल्टन सीच्या सुधारणेचा. त्याने पाहणी करण्यास आणि उपाय सुचविण्यास सांगितले. सरोवराच्या दक्षिणेकडील पक्षी अभयारण्याला सनी बोनो यांचे नाव मिळाले. पाणी मात्र मिळाले नाही. उलट २००३ च्या करारान्वये खोऱ्यातील शेतीचे पाणी सॅन डिएगोच्या शहरवस्तीकडे वळविण्याचे ठरले. सरोवराला दिले जाणारे भरपाईचे पाणी २०१७ अखेर थांबले. २००७ मध्ये राज्याने ८.९ अब्ज डॉलरची योजना मांडली होती. तिला पैसा मिळाला नाही. आज पाण्याचा खारेपणा समुद्राच्या दीडपटीहून बराच पुढे गेला आहे, मासे जवळपास संपले आहेत आणि उघडा पडलेला तळ वाऱ्याबरोबर धूळ होऊन आसपासच्या मजूरवस्त्यांतील मुलांच्या छातीत जातो. तेथील दम्याच्या तक्रारी हा आता त्या भागातील पहिल्या क्रमांकाचा सार्वजनिक प्रश्न आहे.

२०२१ मध्ये दक्षिण किनाऱ्यावर सुमारे ४,१०० एकरांवर उथळ तळी बांधण्याचे काम सुरू झाले. पक्ष्यांना उतरण्यास जागा मिळावी आणि धूळ बसावी हा हेतू. ते काम अभियंते, जलविभागाचे कारकून आणि राज्याच्या अंदाजपत्रकातील काही ओळी यांच्या बळावर चालले आहे. पाम स्प्रिंग्जच्या मुख्य रस्त्यावर कारंज्याकाठी सनी बोनो यांचा बसलेला पुतळा आहे. गुरुवारच्या बाजाराला आलेले प्रवासी त्याच्या शेजारी बसून छायाचित्रे काढतात. त्यांच्या नावाच्या अभयारण्यात मात्र पाण्याची कड दरवर्षी आणखी थोडी मागे सरकत आहे.